घर कुणाचं दाखवायचं?

कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनो-सनीवेलच्या पट्ट्यात मराठी माणसाला तैवानी शेजार नवा नाही. ही मंडळी आपल्या बरीच आधी इथे आली. तैवानातून एम.एस. करायला आलेले तरुण इथल्या चिप कंपन्यांत लागले, घरं घेतली, मागून आईवडिलांना आणलं. १९८० साली तिकडे शिन्चूचं सायन्स पार्क सुरू झालं तेव्हा काही जण परत गेले, काहींनी एक पाय इथे आणि एक तिथे ठेवला. आमच्या शेजारचे काका इथेच राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या काही घरांनी मिळून ठरवलं, की घर आणि कुटुंब या विषयावरच्या तैवानी चित्रपटांचा दोन दिवसांचा छोटासा महोत्सव गावातच करायचा. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांचा हॉल, तिकिटं, चहा-वडा मी बघते हे त्यांना ठाऊक होतं. "तुम्हाला हॉलवाल्यांशी भांडायची सवय आहे," असं म्हणून त्यांनी मला समितीत ओढलं. सिनेमाची जाणकार म्हणून नव्हे, हे आधीच सांगते.

मला वाटलं होतं, चित्रपट ठरलेले असतील आणि आपण खुर्च्या मोजायच्या. कसलं काय. हॉलची बोलणी एका फोनमध्ये उरकली आणि खरी जुंपली ती चित्रपटांच्या यादीवरून.

त्यासाठी समितीत कोण होतं ते सांगायला हवं. काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तैवानातलं, घरात तैवानी भाषा बोलणारं. त्यांची आई नव्वदीची. तैवानीत आजीला आ-मा म्हणतात. आमच्या गल्लीत गोरे, देशी, मेक्सिकन सगळेच त्यांना आ-मा म्हणतात. आ-मांचं बालपण जपानी राज्यात गेलं. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं तैवान जपानकडे होतं. त्यामुळे त्यांची पहिली धुळाक्षरं जपानी. मग राज्य बदललं, शाळेत मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, आली. काकांच्या वेळेपर्यंत तर वर्गात तैवानी बोललं की गळ्यात पाटी अडकवून उभं करायचे. समितीतल्या दुसऱ्या बाईंचे वडील १९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांकडून हरलेल्या चँग कै-शेकच्या फौजेबरोबर समुद्र ओलांडून आलेले. त्या सुमारास दहा लाखांवर माणसं चीनच्या मुख्य भूमीवरून या बेटावर आली, दोन-चार वर्षांत परत जाऊ म्हणत. परत जाणं झालं नाही. बेटावर मात्र १९४९ ते १९८७ लष्करी कायदा राहिला. काका आणि या बाई गेली कित्येक वर्षं एकत्र बागकाम करतात, एकमेकांच्या नातवंडांना शाळेतून आणतात, पण 'तैवानी घर' म्हटल्यावर दोघांच्या डोळ्यांपुढे येणारी घरं अगदी वेगळी. आणि तिसरी काकांची मुलगी, इथे जन्मलेली, सिनेमावेडी. तिला या दोघांनीही कधी तोंडातून न काढलेल्या गोष्टी पडद्यावर हव्या होत्या.

काकांचं म्हणणं साधं होतं: अमेरिकन शेजारी येणार, आपली नातवंडं येणार, तर चारचौघांत बसून बघता येईल असं काढा. मुलीच्या यादीत वरच 'अ सन' होता, २०१९ सालचा, तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला. ड्रायव्हिंग शिकवणारा बाप, दोन मुलगे, एक गुणी आणि एक वाया गेलेला. कुटुंबावरचाच चित्रपट. फक्त सुरुवातीलाच एका माणसाचा हात तोडला जातो आणि तो उकळत्या हॉटपॉटमध्ये जाऊन पडतो. काकांनी तेवढा भाग पाहून लॅपटॉप मिटला. "घर-कुटुंब म्हणता आणि सुपात हात?" यावर मुलीने अर्धा तास जे काही ऐकवलं ते सगळं बरोबर होतं, पण चित्रपट यादीतून गेला तो गेलाच.

दुसरी खडाजंगी 'स्मॉल टॉक'वरून. २०१६ सालचा माहितीपट, दिग्दर्शिका ह्वांग ह्वे-चेन. तिची आई ताओ पद्धतीच्या अंत्यविधींत गाणी-कवायती करणाऱ्या पथकात काम करायची, स्त्रियांवर प्रेम करायची, आणि मारकुट्या नवऱ्याच्या घरातून दोन मुलींना घेऊन पळालेली. मायलेकी वर्षानुवर्षं एका छपराखाली राहतात, आई जेवण करून ठेवते आणि बाहेर निघून जाते. मुलगी कॅमेरा लावते आणि जे कधी विचारलं नाही ते विचारते. बर्लिन महोत्सवात २०१७ साली या माहितीपटाला समलिंगी विषयांवरच्या चित्रपटांचा टेडी पुरस्कार मिळाला. काकांचा विरोध समलिंगी असण्याला नव्हता. आशियात पहिल्यांदा समलिंगी विवाहाचा कायदा तैवानने केला, २०१९ साली, हे ते अभिमानानेच सांगतात. त्यांना खुपत होतं ते आईला कॅमेऱ्यापुढे बसवून जाब विचारणं. "आईला असं विचारायचं नसतं." मुलगी म्हणाली, "म्हणून तर." हा तिढा फौजेवाल्या बाईंनी सोडवला. त्या एरवी काकांच्या बाजूच्या, पण म्हणाल्या, ठेवा रविवारी सकाळी, ज्यांना यायचं ते येतील. मला वाटलं त्या सौदा करताहेत. त्यांना तो बघायचाच होता, हे नंतर कळलं.

अखेर यादी झाली ती अशी: होउ श्याओ-श्येनचा 'द टाइम टू लिव्ह अँड द टाइम टू डाय' (१९८५), आंग लीचा 'ईट ड्रिंक मॅन वूमन' (१९९४), एडवर्ड यांगचा 'यी यी' (२०००), 'स्मॉल टॉक', 'अमेरिकन गर्ल' (२०२१) आणि 'डे ऑफ' (२०२३).

मग हक्क. आपल्या मंडळांत अजूनही कुणीतरी उठून म्हणतं, 'माझ्याकडे आहे, लावू या की.' घरी बघायचा हक्क आणि हॉलमध्ये दाखवायचा हक्क हे दोन निराळे, आणि दुसरा तुमच्या ओटीटीच्या वर्गणीत येत नाही. तिकीट लावा वा फुकट दाखवा, परवानगी लागतेच. नव्या चित्रपटाचं सोपं असतं: निर्माता, परदेशी विक्रीचा एजंट, आणि कुणी घेतला असेल तर इथला वितरक. मेल टाकला की प्रत्येक खेळाचा दर येतो आणि थोडी घासाघीस चालते. जुन्याचं अवघड, कारण निर्मिती संस्था बदललेली, हक्क हातोहात गेलेले. एका चित्रपटासाठी तर ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगायचा.

इथे तैवान सरकारने मोठी सोय करून ठेवली आहे, तिचा मला खरंच हेवा वाटला. तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाची 'तैवान सिनेमा टूलकिट' नावाची योजना आहे. तैवान फिल्म अँड ऑडिओव्हिज्युअल इन्स्टिट्यूट, म्हणजे तिथलं चित्रपट-संग्रहालय, ती सांभाळतं. परदेशातल्या विद्यापीठांना, संस्थांना बिगर-व्यावसायिक खेळांसाठी ते उपशीर्षकांसह निवडक चित्रपट देतात. मराठीत असं काही असतं तर निम्मी मंडळं आज प्रोजेक्टर शोधत असती. सगळी यादी काही त्यातून भागली नाही, बाकीच्यासाठी एजंट आणि वितरक धरावे लागलेच. पण कुणाला काय विचारायचं, अर्जात काय लिहायचं, ही शिस्त तिथल्या फॉर्मनी शिकवली.

पत्रव्यवहार माझ्याकडे आला, कारण बाकी सगळे रात्री लवकर झोपणारे. उन्हाळ्यात तैपेई आमच्या १५ तास पुढे. आमचे संध्याकाळचे सहा म्हणजे त्यांचे दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ. स्वयंपाक उरकता उरकता मेल लिहायचे, की हातासरशी उत्तर यायचं. फक्त आमची शुक्रवार संध्याकाळ म्हणजे त्यांचा शनिवार असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हॉल म्हणून ठरलं होतं ते शेजारच्या गावातलं थिएटर, एका पडद्याचं. हल्ली चित्रपट येतो तो हार्ड डिस्कवर, प्लॅस्टिकच्या भक्कम पेटीत, दीड-दोनशे जीबीचा. ती डिस्क थिएटरच्या सर्व्हरला लावून चित्रपट आत उतरवून घ्यायला काही तास जातात. पण उतरला म्हणजे चालला असं नाही. त्याला कुलूप असतं. चावी म्हणजे एक बारकीशी फाइल, मेलवर येते, पेन ड्राइव्हवर टाकून सर्व्हरला द्यायची. ती चावी त्याच एका सर्व्हरसाठी बनवलेली असते आणि ठरावीक तासांतच चालते. शनिवारी दुपारी एक ते रात्री बारा म्हटलं असेल तर साडेबाराला कुलूप बंद.

आम्ही थिएटरकडून सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे चावी ज्यावरून बनते ती त्याची ओळख, मागून घेतलं, सगळ्यांना पाठवलं, चाव्या आल्या. शुक्रवारी दुपारी एकेक रीळ तपासायला बसलो (रीळ म्हणायची सवय काही जात नाही). पाच चित्रपट उघडले. 'डे ऑफ' उघडेना. ऑपरेटर बिचारा पोरगेला, तीनदा चावी घालून पाहिली. मग कळलं, की थिएटरने मधल्या काळात सर्व्हरमधला एक भाग बदलला होता आणि त्या एका एजंटाला गेलेलं प्रमाणपत्र जुन्या भागाचं होतं. थिएटरच्या मॅनेजरने हात वर केले. आणि तैपेईत उजाडणार होता शनिवार. मी फोन, मेल, त्या एजंटाचं जे काही सापडेल ते सगळं लावलं. शेवटी कळलं, की चाव्या बनवणाऱ्या लॅबमध्ये सुटीच्या दिवशीही कुणीतरी पाळीवर असतं, त्यांना थेट लिहा. लिहिलं. नवी चावी आमच्या मध्यरात्री आली. 'डे ऑफ' रविवारी संध्याकाळी होता म्हणून निभावलं. तो शनिवारी दुपारी असता तर आमचा रंग काही वेगळाच दिसला असता. त्या रात्री लॅबमधल्या त्या अनोळखी माणसाला मी मेलमध्ये जितके आशीर्वाद दिले तितके घरच्यांनाही दिले नसतील.

तपासणीत आणखी एक बघायचं असतं: उपशीर्षकं. तैवानी चित्रपटांवर चिनी अक्षरंही असतातच, कारण एकाच घरात आजी हाक्का बोलते, बाप मँडरिन, गल्ली तैवानी, आणि सगळ्यांना सगळं कळतं असं नाही. पडद्याखाली दोन ओळी, चिनी आणि इंग्रजी. पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं आली की वाचताच येत नाहीत. त्यावर आमच्याकडे इलाज नव्हता.

खाण्याचं माझ्यावर होतं आणि त्यात मी कुणाचं ऐकणार नव्हते. बायकांना घरून लू-रो-फान, म्हणजे सोया-मसाल्यात मंद शिजवलेलं डुकराचं मटण आणि भात, मोठाल्या पातेल्यांत आणायचा होता. काउंटीचा नियम आहे: लोकांना खायला घालायचं तर आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना, आणि घरच्या ओट्यावर शिजवलेलं चालत नाही. मंडळात हे मी फार सोसलं आहे. शेवटी अननसाची पाकीटबंद बिस्किटकेक आणि एका दुकानाचा पर्ल टी यावर भागवलं. आ-मा माझ्यावर दिवसभर रुसल्या. त्यांचं म्हणणं, 'ईट ड्रिंक मॅन वूमन' दाखवून लोकांना पाकीट देणं हे पाप आहे. त्यांचं खरं होतं. त्या चित्रपटाची सुरुवातच तैपेईतल्या एका बल्लवाचार्य बापाच्या स्वयंपाकाने होते: जिवंत मासा, सुऱ्यांची रांग, वाफ, तळण, आणि हे सगळं दर रविवारी तीन मुलींसाठी. आमच्या लोकांचं पोट ओरडायला लागलेलं मागच्या रांगेतून ऐकू येत होतं.

माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी इथे आली होती. तीही बसली. इंग्रजी उपशीर्षकं तिला पुरेशी वाचता येत नव्हती, मधूनमधून मी सांगत होते. चित्रपटातला बाप इतका मोठा आचारी, पण त्याची चव गेलेली आहे. मुली घास चिवडतात आणि दर रविवारी कुणी ना कुणी जेवताना 'मला एक सांगायचंय' म्हणून घर सोडायची बातमी देते. आई मध्येच मोठ्यांदा म्हणाली, "अगं, एवढं रांधलं आणि एकही धड जेवलं नाही!" पुढच्या रांगेतल्या आ-मांनी वळून पाहिलं. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजीही नाही. दोघींनी माना डोलावल्या. पुढे दोन्ही दिवस दोघी शेजारी बसल्या आणि काय बोलल्या ते मला अजून माहीत नाही.

शनिवारची सुरुवात होउच्या चित्रपटाने झाली होती. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या लहानपणाचा, दक्षिण तैवानातल्या फंगशानमधल्या त्यांच्या जुन्या जपानी धर्तीच्या घरातच चित्रित झालेला. मुख्य भूमीवरून आलेलं कुटुंब. वडील सतत आजारी. ते गेल्यावर मुलांना कळतं, की त्यांनी आयुष्यभर घरात स्वस्त वेताबांबूचंच सामान का घेतलं: लवकरच परत जायचंय, तेव्हा टाकून देता येईल. आजी तर कायम परतीच्या वाटेवर. नातवाला घेऊन निघते, रस्त्यात मेइच्यांगच्या पुलाचा पत्ता विचारते, आणि तो पूल समुद्रापार आहे हे तिला कुणी सांगू शकत नाही. दोघं बर्फाचा गोळा खातात, पेरू तोडतात, आणि आजी तीन पेरू हवेत फेकून झेलत नाचवते. लोक हसले. फौजेवाल्या बाई हसल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर चर्चा ठेवली होती, ध्वनिक्षेपक फिरत होता, कुणी काही बोलेना. दोन अमेरिकन गृहस्थांनी कॅमेऱ्याच्या कोनांबद्दल विचारलं, मुलीने छान उत्तर दिलं. आणि मग चहाच्या रांगेत त्या बाई काकांना सांगू लागल्या, की आमच्याकडेही वडिलांनी पलंग घेतला नव्हता, फळ्यांवर झोपायचो. पस्तीस-चाळीस वर्षांची ओळख, काकांनी हे पहिल्यांदा ऐकलं. काका म्हणाले, "आम्ही तुम्हाला श्रीमंत समजायचो." तिथून पुढे दोन दिवस मी चर्चेची वेळ कमी करून चहाची वाढवली. मुलीला ते आवडलं नाही, पण लोक बोलत होते ते पातेल्यापाशी.

'यी यी'च्या वेळेला मध्यंतर ठेवायचं का, यावर माझा आणि मुलीचा वाद झाला. १७३ मिनिटं. नाटकवाल्या माणसाला मध्यंतराशिवाय तीन तास ही कल्पनाच सहन होत नाही. ती म्हणाली, दिग्दर्शकाने ठेवलं नाही तर आपण कोण. ती जिंकली, आणि दीड तासानंतर सगळे ज्येष्ठ नागरिक एकामागून एक उठून जाऊन आले. चित्रपटात आजी बेशुद्ध आहे, डॉक्टर सांगतात तिच्याशी बोलत राहा. घरातला प्रत्येक जण तिच्यापाशी बसतो आणि लक्षात येतं, की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, रोज तेच तेच. आठ वर्षांचा यांग-यांग लोकांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढत सुटतो, कारण ती बाजू त्यांना स्वतःला दिसत नाही. परत आलेल्या ज्येष्ठांना कुठलाही धागा तुटल्यासारखा वाटला नाही. म्हणजे माझंही बरोबर होतं.

'अमेरिकन गर्ल'ला गर्दी झाली ती पोरांची. २००३ चा सार्सच्या साथीचा काळ, आईला स्तनाचा कर्करोग, म्हणून लॉस एंजेलिसहून दोन मुलींसह तैपेईत परतलेलं घर. मोठीला तिथे केस कापावे लागतात, मार्क कमी पडले की शाळेत छड्या, आणि ती घरात इंग्रजीत भांडते. आमच्याकडे इंग्रजीत भांडणारी दोन आहेत. ती मागच्या रांगेत बसली होती. आईवर चिडणारी मुलगी आणि मरायला घाबरलेली आई, दोघींचंही बरोबर असतं, आणि दिग्दर्शिका कुणाचीच बाजू घेत नाही. घरी जाताना गाडीत धाकटी फक्त एवढंच म्हणाली, "तू परत जायचं ठरवलंस तर आधी सांगशील ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आठवीच्या आधी सांग."

रविवार सकाळच्या 'स्मॉल टॉक'ला वाटलं होतं त्याहून जास्त माणसं होती, आणि काका होते. मायलेकी टेबलाशी समोरासमोर बसतात तो प्रसंग फार लांब आहे. आई कितीतरी वेळ काहीच बोलत नाही. काका अध्येमध्ये चष्मा काढत होते. संपल्यावर मुलीला म्हणाले, "हे विचारायला नको होतं असं मला अजून वाटतं." मग जरा थांबून, "पण विचारलं ते बरं केलं." मुलीने वाद घातला नाही, ही त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोठी बातमी.

'डे ऑफ' शेवटी, कारण त्यावर कुणाचंच भांडण नव्हतं. ताइचुंगमधली केस कापणारी आ-रुइ, मुलं आपापल्या उद्योगात, आणि ती दुकानाला सुटीची पाटी लावून अंथरुणाला खिळलेल्या जुन्या गिऱ्हाइकाचे केस कापायला स्वतः गाडी चालवत जाते. चावीने कुलूप उघडलं. ऑपरेटरने वरून अंगठा दाखवला.

हिशेबात थोडे पैसे उरले, ते पुढच्या वेळेसाठी ठेवले. डिस्का आपापल्या पत्त्यावर कुरिअरने गेल्या. काकांच्या मुलीने पुढच्या यादीत 'लेफ्ट-हँडेड गर्ल' टाकून ठेवला आहे: तैपेईचा रात्रबाजार, आई, दोन मुली, आणि डावा हात सैतानाचा म्हणून धाकट्या नातीला दटावणारे आजोबा. आमच्या आईला गोष्ट सांगितली तर म्हणाली, तुझ्या मामाचा डावा हात आम्ही बांधून ठेवायचो. फौजेवाल्या बाईंना या वेळी एखादा जुना तैवानी भाषेतला चित्रपट हवा आहे, पन्नास-साठच्या दशकातला. असे हजारावर निघाले आणि त्यातले थोडेच टिकले. ही मागणी काकांनी करायची, ती या बाईंनी केली म्हणून काका जरा गोंधळले आहेत.

मंडळातल्या लोकांचे आता मला फोन येतात, की आपणही मराठीचं असं काही करू या. जरूर करू या. यादी नंतर. आधी प्रत्येक चित्रपटाचे परदेशातले हक्क कुणाकडे आहेत ते लेखी आणा, आणि थिएटरला विचारा, सर्व्हर शेवटचा कधी बदलला.